मामेकुळ विसरलात?

पासवर्ड विसरणाऱ्याला लोक वेंधळा म्हणतात, हे मला मुळीच मान्य नाही. त्यात माझा स्वार्थ आहे, हे उघडच आहे. माझं म्हणणं असं, की पासवर्ड चोराला अडवतच नाही, अडवतो तो मालकाला. एमआयटीतल्या संगणकावर पासवर्ड आला १९६०च्या दशकाच्या आरंभी. १९६२ साली तिथल्याच ॲलन शेर या संशोधकाला वाट्याला आलेला संगणकाचा वेळ पुरेना, तेव्हा त्याने सगळ्यांच्या पासवर्डांची फाइलच छापून घेतली. कुणाच्या मांजराचं नाव काय असेल, याचे अंदाज बांधत तो बसला नाही. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीतून तीन कोटींहून जास्त पासवर्ड गेले, तेही साध्या अक्षरांत लिहून ठेवलेले. त्यांत सर्वांत लोकप्रिय होता १२३४५६. डोकं लढवून जगावेगळा पासवर्ड रचणारेही लुटले गेले आणि हे १२३४५६वालेही. फरक एवढाच, की यांना तो दुसऱ्या दिवशी आठवत होता.

एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह आणि ठरावीक मुदतीने बदल, हा सल्ला बिल बर यांनी २००३ मध्ये अमेरिकी सरकारच्या मानकसंस्थेसाठी लिहिला. २०१७ मध्ये त्यांनीच त्याबद्दल खेद व्यक्त केला, संस्थेनेही तो सोडला. आपली पोर्टलं मात्र अजून ‘मागचे तीन पासवर्ड चालणार नाहीत’ म्हणून दटावतात, आणि आपण निमूट ऐकतो, कारण त्यात मान असतो. माझ्या ईमेलमध्ये आहे काय? विजेची बिलं, सोसायटीच्या सभेची इतिवृत्तं आणि संपादकांचे ‘साभार परत’. तरी दूरदेशीचा कुणी हॅकर याच ऐवजासाठी रात्री जागवतोय, अशी माझी ठाम समजूत आहे. जागवत असेल तर बरंच. निदान एक वाचक मिळेल.

पासवर्ड विसरलात तर गुप्त प्रश्न. २००८ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं ईमेल एका विद्यार्थ्याने असंच उघडलं. जन्मतारीख, पिनकोड, नवऱ्याची भेट कुठे झाली, सगळं त्याला इंटरनेटवर सापडलं. आपल्याकडे तेवढेही कष्ट नकोत. लग्नाचा बायोडाटा काढा. जन्मतारीख, जन्मवेळ मिनिटासकट, जन्मगाव, शिक्षण, रास, नाडी, रक्तगट आणि ठळक टाइपात मामेकुळ! त्याच्या झेरॉक्स वधूवर सूचक मंडळाच्या फायलीत, मेळाव्याच्या पुस्तिकेत आणि आत्याच्या नणंदेच्या व्हॉट्सॲपवर. शिवाय खाली टीप : ‘ओळखीत स्थळ असल्यास पुढे पाठवावे.’ पाठवतातही. आणि एवढं झाल्यावर बँक कुजबुजत्या सुरात विचारते, आईचं माहेरचं आडनाव काय? अहो, त्या आडनावाचा अख्खा मांडव आहेरासकट जेवून गेलाय! पण लग्नात जिचं नाव आणि आडनाव दोन्ही बदललं, तिचं पहिलं नाव रेशनकार्डावर नाही, दारावरच्या पाटीवर नाही. एरवी ते विचारायची कुणाला गरज वाटत नाही. विचारतं ते बँकेचं यंत्र, आणि तेही तिला नाही, मुलाला.

वहीत लिहून ठेवा, असं कुणी सुचवेल. जरूर ठेवावं, ब्रूस श्नायरसारखा सुरक्षातज्ज्ञही कागदावर लिहून पाकिटात ठेवा म्हणतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे : अंगठा लावा, तो विसरता येत नाही. खरं आहे, पण अंगठा झिजतो. जन्मभर भांडी घासलेल्या, विटा उचललेल्या हातांच्या रेषा पुसट होतात आणि रेशन दुकानातलं यंत्र म्हणतं, जुळत नाही. दुकानदार आजींना नावानिशी ओळखतो, पण त्याच्या ओळखीला यंत्रात किंमत नाही. ओटीपी मागवावा, तर नंबर नातवाचा आणि नातू कामावर. माझं खातं उघडलं नाही तर फार तर माझा अहंकार उपाशी राहतो. इथे महिन्याचे गहू-तांदूळ अडतात, आणि या म्हातारीने काहीही विसरलेलं नसतं. ‘मी ओळखतो यांना’ असं एक बटण त्या यंत्राला हवं, दाबणाऱ्याच्या नावाची नोंद ठेवणारं. गैरवापर होईल म्हणता? होईलही. पण जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून लोकांच्या खात्यांतले पैसे काढल्याची प्रकरणं देशात घडलीच आहेत. पासवर्ड चोरीला गेला तर नवा घेता येतो; बोटं मोजून दहा. त्यातही ‘मागची तीन चालणार नाहीत’ म्हटलं, तर सातच.