आलं तसं पाठवलं

ग्रुप सोसायटीचा असो, भिशीचा असो की दहावीच्या बॅचचा. मुलं पळवणारी टोळी, कॅन्सर बरा करणारा काढा, अमुक बँक बुडाल्याची खबर, आणि मजकुराच्या शेपटाला एक ओळ: ‘आलं तसं पुढे पाठवतोय.’

या ओळीची मला चीड आहे. आंबलेली आमटी पाहुण्याच्या पानात वाढून ‘मला मिळाली तशी वाढली’ असं कुणी म्हणत नाही. वाढणाऱ्याने आधी वास घ्यायचा असतो. मग फोन हातात आला की आपलं नाक कुठे जातं?

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागायला आली होती. त्यांच्या आधी मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा तिथे पोचली होती. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन जिवे मारलं.

त्या काळात देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक मूळचा कराचीचा होता. मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात. मोटरसायकलवरची माणसं मूल उचलतात आणि लगेच परत आणून सोडतात, पालकांनी सावध व्हावं म्हणून. कुणीतरी परत आणल्याचा भाग कापला. उरलेलं सगळं चांगल्या घरांतल्या चांगल्या माणसांनी आलं तसं पाठवलं.

राईनपाड्याच्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या निरोपासाठी ती एकावर आणली. १ जुलै २०२४ ला, राईनपाड्याला बरोबर सहा वर्षं झाली त्या दिवशी, भारतीय न्याय संहिता लागू झाली. लोकांत घबराट माजवणारी खोटी माहिती पसरवणं हा तिच्या कलम ३५३ खाली गुन्हा आहे, मग ती फोनवरून का पसरवलेली असेना. सुटायचं तर ती खरी मानायला रास्त कारण होतं आणि हेतू साफ होता, हे दिसावं लागतं. ‘आलं तसं पाठवलं’ हे रास्त कारण नव्हे.

लोक मजकुरावर कमी आणि पाठवणाऱ्यावर जास्त विश्वास ठेवतात. ‘आपल्या सरांनी पाठवलंय’, ‘आत्याने पाठवलंय’. निरोपासोबत तुमची पत जाते, आणि भामट्यांना नेमकी तीच हवी असते.

म्हणून ते भाच्याच्या नावाने येतात. ‘मामा, चुकून तुमच्याकडे सहा आकडी कोड आलाय, जरा सांगा ना.’ मामाने कोड सांगितला की मामाचं व्हॉट्सअ‍ॅप गेलं. मग मामाच्याच नावाने गोतावळ्याला निरोप: ‘दवाखान्यात आहे, वीस हजार पाठव.’ लग्नपत्रिका म्हणून येणारी एपीके फाइल हीच चाल. पत्रिका फोटोत येते, पीडीएफमध्ये येते. एपीके म्हणजे अ‍ॅप. ते बसवून मागेल त्या परवानग्या दिल्या की तुमचे ओटीपी दुसराच वाचतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन आजच घाला. आणि पैशाची मागणी आली तर त्या माणसाला फोन लावा, त्याचा आवाज ऐका, त्यालाच ठाऊक असेल असं काहीतरी विचारा.

ज्यांचा धंदाच फोनवर चालतो, त्यांना तर पत हेच भांडवल. देवगडचा बागायतदार अक्षय्य तृतीयेच्या आधी पेट्यांचे फोटो टाकतो, दुसराच कुणी ते उचलून पेज उघडतो, आगाऊ पैसे घेतो आणि पेज बंद करतो. बदनाम होतो तो आंबा. म्हणून फोटोवर आपलं नाव आणि नंबर टाका, सगळीकडे एकच नंबर ठेवा, आणि तो घरच्या नंबरहून वेगळा ठेवा. घेणाऱ्याने पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉलवर माल पाहायला मागावा. खरा विक्रेता त्याने दुखावत नाही.

घरून चकली-चिवडा विकणाऱ्या ताईंना तीन गोष्टी कळकळीने सांगतो. गिऱ्हाइकाने पाठवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, खात्यात जमा झाल्यावरच डबा द्या. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही, तसं सांगणारा चोर आहे. आणि गिऱ्हाइकांना न विचारता एका ग्रुपमध्ये कोंबू नका. दोनशे बायकांचे नंबर दोनशे अनोळखी घरांत जातात. त्यासाठी ब्रॉडकास्ट लिस्ट आहे, तिच्यात कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही.

एवढं करूनही कुणी फसलं, तर घरातल्यांनी आधी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावावा, बोलणं नंतर. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली तर ते गोठवता येतात. लाजेपायी दडवलेला प्रत्येक तास चोराच्या पथ्यावर पडतो. फसलेल्याला ‘तुला अक्कल नाही का’ विचारणारं घर पुढच्या वेळच्या तक्रारीचा रस्ता बंद करतं.

आता पुन्हा त्या ओळीकडे. पुढचा निरोप येईल तेव्हा कुणी म्हटलंय, कधीचं आहे, आणखी कुठे छापून आलंय, एवढं पाहा. कळलं नाही तर पुढे पाठवू नका. राईनपाड्याच्या वाटेवरच्या फोनांपैकी पुरेशा फोनांत ती अफवा अडली असती, तर ती पाच माणसं भिक्षा मागून संध्याकाळी आपल्या पालांवर परतली असती.