उणे पंचवीस हजार पाचशे छत्तीस

"कुठला रे तू?"

"बार्शी, सर."

"सीनियरला सर म्हणतात का?"

"नाही, सर."

२०११ साली पुण्यात इंजिनिअरिंगला आलो, तेव्हा हॉस्टेलवर झालेला हा माझा 'इंट्रो'. नजर स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर ठेवायची आणि नाव, गाव, ब्रँच, सीईटीचे मार्क एका दमात सांगायचे, असा नियम होता. माझ्या शर्टाचं तिसरं बटण एसटीतच तुटलं होतं. त्यामुळे मी दुसऱ्या आणि चौथ्याच्या मधे अदमासे बघत उभा. कॉम्प्युटरच का घेतलं, या प्रश्नाला खरं तेच सांगितलं : कॅप प्रवेशाच्या दुसऱ्या राउंडला लागलं म्हणून.

घरी मला अर्ध्या वाक्याची सवय. "आई, ते..." एवढं म्हटलं की लोणच्याची बरणी पुढ्यात. वाक्य पुरं केलं तरच आई कपाळाला हात लावून ताप बघायची. अशा लाडावलेल्या माणसाला एकदम सी या कॉम्प्युटरच्या भाषेच्या दारात उभं केलं. लॅबमधल्या निळ्या पडद्यावरचं टर्बो सी १९८७ सालचं घराणं, मी १९९३ चा. थोरल्याशी बोलताना शब्द जपून वापरावेत हे ठीक, पण हा थोरला अर्धविरामावरून अडायचा. वाक्याच्या शेवटी अर्धविराम राहिला की 'स्टेटमेंट मिसिंग', आणि बोट नेमकं पुढच्या ओळीकडे. आमच्या शाळेतही शिट्टी एकाने मारायची आणि पट्टी पुढच्या बाकावरच्याला बसायची. म्हणून मला ही पद्धत लगेच समजली. बाकीचे बिचारे निर्दोष ओळ खोडून खोडून लिहीत होते.

पहिला प्रोग्रॅम अर्थातच 'हॅलो वर्ल्ड'. कर्निघन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकापासून सगळे हाच नमस्कार घालत आलेत. माझा चुका न दाखवता चालला आणि पडद्यावर काहीच उमटलं नाही. पुन्हा चालवला, पुन्हा तेच. लॅब असिस्टंट म्हणाले, "गेटच टाका." मी दाराकडे बघितलं. ते 'गेटच' म्हणजे कुणीतरी बटण दाबेपर्यंत थांब, अशी आज्ञा होती. ती नसल्यामुळे जगाला नमस्कार करून प्रोग्रॅम क्षणात परत जात होता. लग्नात पाकीट देऊन न जेवता सटकणारे पाहुणे असतात, तसा.

त्याच वर्षी ऑक्टोबरात सी घडवणारे डेनिस रिची गेले. काही दिवस आधी गेलेल्या स्टीव्ह जॉब्सचे फोटो आमच्या मजल्यावर खोलीखोलीत लागले. रिचींच्या वाट्याला आमच्याकडून फक्त शिव्या आल्या, त्याही ते गेल्याचा पत्ता नसताना.

दिवाळीआधी फीचा दुसरा हप्ता भरायचा होता, चाळीस हजार. वडिलांवर, म्हणजे आप्पांवर, छाप पडावी म्हणून मी फीच्या हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिला. चाळीस हजार टाकले, उत्तर आलं उणे २५,५३६. अर्धविराम तपासले, देवाचं नाव घेतलं, उत्तर हलेना. शेवटी बाजूच्या मुलीने समजावलं : टर्बो सीमधल्या 'इंट'ला, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या डब्याला, सोळाच बिट. त्यात ३२,७६७ पर्यंतच मावतं. पुढे एक जरी वाढवला तरी आकडा गर्रकन फिरून उणे ३२,७६८ वर जातो. स्कूटरच्या मीटरचा आकडा फिरून निदान शून्यावर तरी थांबतो. 'लाँग' हा मोठा डबा वापर, म्हणाली. तिला हे आधीपासून ठाऊक होतं, याचाच मला जास्त राग आला.

रात्री घरी फोन लावला. आप्पांना सगळं सविस्तर सांगितलं, बिटांसकट.

"म्हणजे कॉलेजच आपलं देणं लागतंय म्हण की," आप्पा म्हणाले.

"तसं नाही आप्पा, मशीन म्हणतंय."

"मशीन काय खोटं बोलतंय व्हय? पावती घिऊन ठेव." मग फोन बाजूला धरून आईला म्हणाले, "अगं, पोरगं पहिल्याच वर्षी कमवाय लागलं."