मांडलिक पडदा

दहाव्या शतकात डेन्मार्कच्या विस्कळीत टोळ्यांना एका छत्राखाली आणणाऱ्या हाराल्ड राजाचे ‘ब्लूटूथ’ हे टोपणनाव ज्या बिनतारी विद्येस मोठ्या कौतुकाने बहाल करण्यात आले, तिला माझा फोन आणि माझ्या मोटारीतला पडदा या वीतभर अंतरावरच्या दोन शेजाऱ्यांत सलोखा घडवून आणणे अद्याप साधलेले नाही. सहा अंकी संकेत दोहोंकडे झळकतो, तंतोतंत जुळतो, मी उभयपक्षी मंजुरीची मोहोर उमटवतो. आणि तरीही दुसऱ्या दिवशी ती मोटार, जुन्या मामलेदार कचेरीतल्या कारकुनाप्रमाणे, अर्जदारास पूर्वी कधी पाहिल्याचे साफ नाकारते. मग केबल शोधावी. ती सापडलीच, तर नेमकी निव्वळ चार्जिंगची, माहिती वाहून नेण्याचा परवाना नसलेली निघते!

पडद्याची बाजूही ऐकली पाहिजे. २०१४ साली अ‍ॅपलने कारप्ले आणले, पाठोपाठ गूगलचे अँड्रॉइड ऑटो आले, आणि नकाशा, संगीत, संभाषण हा सारा कारभार फोनच्या हाती जाऊन पडद्याकडे केवळ काच उरली. ही मांडलिकी जनरल मोटर्ससारख्या मातबर कंपनीसही मानवली नसावी. २०२३ मध्ये तिने आपल्या आगामी विद्युत मोटारींतून या दोन्ही पाहुण्यांस रजा देत असल्याचे जाहीर केले.

माझ्या मोटारीने तशी जाहीर घोषणा केलेली नाही. तूर्त तिच्या पडद्यावर फक्त घड्याळ दिसते, तेही सात मिनिटे मागे.