आशावादाचा ओव्हरटाइम

पगारवाढीचं पत्र येत नाही, पण ‘मानसिक भांडवल’ वाढवण्याच्या शिबिराचं आमंत्रण हमखास येतं. हे भांडवल अमेरिकेतल्या फ्रेड लुथान्स या व्यवस्थापनतज्ज्ञांचं. त्यात चार जिनसा : आशा, आत्मविश्वास, चिवटपणा, आशावाद. लुथान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वाढवण्याचा वर्गही आखला, एक ते तीन तासांचा. कल्याणजवळच्या शहाडहून लोकलने मुंबईत सीएसएमटीला जाऊन परत येईपर्यंत माणूस खंबीर!

ही विद्या घेऊन कुणी शहाडला येणार असेल, तर त्याने एक स्टेशन पुढे, आंबिवलीला उतरावं आणि मोहने गाव गाठावं. तिथल्या एनआरसी कंपनीला, म्हणजे नॅशनल रेयॉनला, २००९ साली टाळं लागलं. चार हजारांहून जास्त कामगार घरी बसले, देणी अडकली. प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेलं, जागा अदानी समूहाकडे गेली, कामगार मात्र थकबाकीसाठी गेटवरच. एवढी वर्षं गेट न सोडणाऱ्यांना चिवटपणा शिकवायला कोण धजावेल? उलट त्यांनीच फी लावून वर्ग घ्यावेत.

भांडवल त्यांच्याकडे गडगंज होतं. कमी पडली ती कायद्याची माया. २०१६च्या दिवाळखोरी कायद्यात कंपनी अवसायनात निघाली, तर कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी तारणवाल्या बँकांच्या बरोबरीने धरतात. त्यापलीकडची मागच्या रांगेत. आशेला मुदत नाही, थकबाकीला आहे. कामगार विम्याच्या (ईएसआय) अटल योजनेत नोकरी गेलेल्या विमाधारकाला सरासरी रोजाच्या निम्मा भत्ता मिळतो, जास्तीत जास्त ९० दिवस, तोही आयुष्यात एकदाच. दुसऱ्यांदा बेकार झालात, तर मग आशावाद उपसा.

त्यात नोव्हेंबर २०२५पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. कारखाना बंद करताना सरकारची परवानगी घ्यावी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. २९९ जणांच्या कारखान्यात आता शिबिरं जोरात भरायला हरकत नाही.

शिबिर अगदीच फुकट असतं असं नाही. बिथरलेल्या माणसाला दोन शब्द धीराचे हवेच असतात. पण संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच दाखवून दिलं होतं, की कामाचा रेटा मोठा आणि आपल्या हातात काहीच नाही, अशा जागी ताण सगळ्यात जास्त. हातात काही द्यायचं म्हटलं की मात्र शिबिरवाल्यांचा प्रोजेक्टर बंद पडतो.

शिबिरानंतरच्या फॉर्मवर ‘तुमच्या अपेक्षा’ असा एक रकाना असतो. हातात काही हवं असेल, तर कंत्राटी माणसाने तिथे बिनधास्त लिहावं : कंत्राट वाढणार की नाही, ते संपण्याच्या महिनाभर आधी कळवा. लेखी.