हार, नग 1

उमेदवाराच्या गळ्यात हार घालायला क्रेन लागते, हे एकदा मान्य केलं की बाकीची लोकशाही समजायला सोपी जाते.

20 नोव्हेंबर 2024 चं विधानसभेचं मतदान. राज्यात जागा 288, मुंबईत 36, त्यातल्या शहर जिल्ह्यात जेमतेम 10. या चिंचोळ्या पट्ट्यातल्या गल्ल्या अशा की समोरासमोर दोन स्कूटर आल्या तर एकीनं मागं सरायचं. लालबागच्या अशाच एका गल्लीत प्रचाराच्या शेवटच्या रविवारी क्रेन शिरली. हुकाला झेंडूचा हार. (‘हार’ या शब्दावर कोटी करणार नाही. ती चाळीतल्या पोरांनी सकाळीच उरकली होती.)

हार खाली आला आणि उमेदवार त्यात दिसेनासा झाला. ‘वर घे, वर घे!’ वर घेतला तर तो गळ्यात नव्हता, डोक्यावर होता, आणि खालच्या पाच-सहा जणांच्या अंगात गोविंदा आला. आणखी वर गेला तो थेट तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या नाकासमोर. दिवाळीनंतर झेंडू असा दारात येत नाही. काकूंनी गॅलरीतून हात लांब करून देवापुरती फुलं खुडली, शेजारणीला ओंजळभर दिली, आणि खाली पुष्पवृष्टी झाली म्हणून टाळ्या पडल्या.

मला काळजी हिशेबनीसाची. उमेदवाराला 40 लाखांपर्यंत खर्च करता येतो आणि पै न् पैचा हिशेब द्यावा लागतो. त्यासाठी चहापासून खुर्चीपर्यंत दरपत्रक असतं. हा बिचारा रात्री वही उघडून काय लिहीत असेल? ‘हार, नग 1’. बरोबरच आहे, नग एकच. हातानं घालायचा हारही नग एक आणि तिसऱ्या मजल्याला वेढा घालणाराही नग एक. क्रेन कुठे दाखवायची, वाहनात की सजावटीत? की सुई-दोऱ्याच्या खर्चात, कारण तिच्याशिवाय हार गळ्यात जात नाही? काकूंनी खुडलेली फुलं वजा करायची का? केली तर ती मतदाराला दिलेली भेटवस्तू ठरेल, आणि काकू पुराव्यासकट देव्हाऱ्यात सापडतील.

1957 साली द्विभाषिक मुंबई राज्याची 396 जागांची विधानसभा निवडायची होती, तेव्हा याच गिरगाव-परळ-लालबागनं रान उठवलं होतं. गिरण्यांच्या दारात सभा, शाहिरांचे डफ. जुनी माणसं सांगतात त्यातलं निम्मं मी रंगवलेलं धरतो. पण त्या रंगवलेल्या निम्म्यातसुद्धा क्रेन नाही.

आता खरं दुखणं सांगतो. काकू जिथून वाकल्या ती गॅलरी चार टेकूंवर उभी आहे. लाकडी टेकू. पहिला लागला तेव्हा ‘तात्पुरता’ होता. आता त्याच्या खिळ्याला दुधाची पिशवी लटकते, पोरं त्यावर डोकं ठेवून शंभरपर्यंत आकडे मोजतात, आणि पायाशी वाळवीचा भुसा पडतो तो आम्ही रोज केरात भरतो. दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी निघते. आम्ही ती दहावीच्या निकालासारखी वाचतो. मागे एकदा गॅलरीखाली लोखंडी तुळई बसवायचं ठरलं. मापं झाली, चहा झाला. मग उत्तर आलं: तुळई चढवायला क्रेन लागेल आणि गल्ली अरुंद असल्यामुळे क्रेन आत येऊ शकत नाही. लेखी उत्तर, खाली सही. तो कागद माझ्या कपाटात आहे. गल्ली अरुंद! आमच्या डोक्यावरचं छप्पर उचलायला अरुंद आणि यांचा झेंडू उचलायला ऐसपैस? त्या कागदाच्या भरवशावर एक आख्खी पिढी जिन्यावरून पाय मोजत चढली-उतरली, आणि म्हातारी माणसं खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणली.

मिरवणूक पुढे सरकली. पायदळी झेंडूचा चिखल झाला होता. क्रेनवाला सावलीत चहा पीत होता, त्याला विचारलं, ‘अरे, आत आणलीस कशी?’

‘रिव्हर्स मारली, काका.’