ड्रमला पळता येत नाही

मुक्ताईनगर तालुक्यात पूर्णेकाठच्या एखाद्या नाल्यात हातभट्टीवर छापा पडतो आणि आरोपी अंधाराचा फायदा घेऊन पसार होतो. छापा भर दुपारचा असला तरी अंधार असतोच. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशी गाठतो, उन्हानंच डोळ्यांपुढे अंधारी येते, हे साहेब जाणून असतात.

सापडतो तो ड्रम. दोनशे लिटरचा, निळा, प्लॅस्टिकचा. तोंडाला फडकं बांधलेलं, आत गूळ, मोह आणि नवसागर आंबत पडलेलं, वर मळकट फेस. त्याला पळता येत नाही, जामीन मागता येत नाही, वर फोन लावून देणारा पाव्हणाही नाही.

मग पंचनामा. दोन पंच वास घेतात. वास उग्र, आंबट. तो दुसरा कसला आल्याचं अजून कोणी लिहिलेलं नाही. १८० मिलीच्या बाटलीत नमुना भरून लाखेचं सील लागतं. मग किंमत ठरते. ज्या मालाला कायद्यानं बाजारच नाही, त्याचा लिटरमागे भाव साहेब तोंडपाठ सांगतात, आणि तो त्यांना कुठून कळला हे विचारणारा पंच अजून जन्माला यायचाय. मग फोटो. मागे पाच जण छाती काढून उभे, पुढे आरोपी. त्यानं मान खाली घातलेली नाही, कारण त्याला मान नाही. मग एक जवान कुऱ्हाड उचलतो, रसायन नाल्यात वाहून जातं आणि ड्रमचा निकाल जागच्या जागी लागतो. इतका जलद न्याय आमच्या तालुक्यात बांधाच्या भांडणालाही मिळालेला नाही. तिथं आजोबांची तारीख नातू घेतो. फुटका ड्रम भंगारात जातो, वितळतो, नवा होऊन बाजारात येतो आणि त्याच नाल्यात पुन्हा पकडला जातो. सराईत गुन्हेगार! माझं म्हणणं, याला आता तडीपारच करा. बऱ्हाणपूर काही लांब नाही.

पण ड्रमचा गुन्हा नेमका कोणता? दारू गाळली हा? १९४९ पासून या राज्यात दारूबंदीचा कायदा आहे आणि त्याच कायद्याखाली पाच रुपयांत एक दिवस विदेशी दारू प्यायचा परवाना मिळतो, देशीचा दोन रुपयांत. ज्या हातात कुऱ्हाड, त्याच हातात महसुलाच्या उद्दिष्टाचा कागद. ड्रमनं शुल्क भरलं नाही, एवढाच त्याचा अपराध.

हातभट्टी विष असते, हे मला कोणी शिकवू नये. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभरावर माणसं मेली. म्हणून तर संताप येतो. भट्टीचा मालक कोण, गूळ-नवसागर कुठून येतं, हे शेंबड्या पोराला माहीत असतं आणि तुम्ही प्लॅस्टिकवर कुऱ्हाड चालवता!

आणि शुल्क भरणारं दुकान हटवायचं असेल तर? तिथं कुऱ्हाड नाही, मतदान. आधी गावातल्या पंचवीस टक्के बायांच्या सह्या. मग उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आलेल्या मतांत बहुमत मिळून भागत नाही. यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवी बाटली निवडायला हवी. जी सुरतेला कामाला गेली ती उभ्या बाटलीच्या कामी आली. जी बाळंतपणाला माहेरी गेली तीही. नवऱ्याच्या दारूपायी जिनं विहीर जवळ केली, तिचं नाव यादीत राहिलं असेल तर तीसुद्धा दुकान वाचवायला उभी. नाव कमी करायचं असेल तर नमुना ७ भरा, म्हणतात. मृत्यूचा दाखला जोडा. आणि मतदानाच्या आधी या. नंतर ऐकून घेतलं जाणार नाही.