बंदी मुलांना, रेंज पालकांना

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी घातली. ही बातमी आपल्याकडे साजरी झाली ती अर्थातच पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. "आपल्याकडेही हवंच!" पटापट अंगठे उमटले. पाठोपाठ शाळेची सूचना आली: मुलांना मोबाइलपासून कटाक्षाने दूर ठेवावे, गृहपाठाची पीडीएफ सोबत जोडली आहे. आणि हो, गॅदरिंगचा नाच शाळेच्या पेजवर टाकलाय, लाइक करा.

इन्स्टाग्रामची वयाची अट १३ वर्षांची. पण बारशालाच ज्याच्या नावाचं खातं आईने उघडलं, त्या बाळाला ती सांगायची कुणी? आपला २०२३चा डेटा संरक्षण कायदा तर १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती मागतो. मागू दे बापडा! ओटीपी बाबांच्या फोनवर येतो आणि वाचतात चिरंजीव. बाबांना चष्मा सापडत नसतो.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये वेगळाच घाट घातला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला. आणि यात मोठ्यांनाही सूट नाही, खरी गोम तिथेच आहे. हीच कल्पना मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडली. सेक्रेटरी भलतेच खूश झाले. म्हणाले, "भोंगा कशाला? रोज सातला मीच ग्रुपवर मेसेज टाकत जाईन. सगळ्यांनी फक्त 'ओके' लिहायचं."